घराण्यातला कर्करोग आणि ‘पिशवी काढण्याचा’ प्रश्न

सोलापुरातील एका ताईंनी विचारले आहे: “माझे वय ३९ आहे. मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा आहे. माझे लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी झाले आहे. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ५४व्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग निघाला. त्यांची पिशवी ३६व्या वर्षीच काढली होती, तरी असे कसे झाले? मुंबईत त्यांच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि बीआरसीए-१ या जनुकात दोष निघाला. आमची आजीही पोटात पाणी होऊन गेली होती, म्हणून डॉक्टरांनी माझीही तपासणी करायला सांगितली आणि माझाही अहवाल पॉझिटिव्ह आला. मला काहीच त्रास नाही. पाळी नियमित आहे, पॅप तपासणी आणि सोनोग्राफी नॉर्मल आहे. एक डॉक्टर म्हणतात, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहा. दुसरे म्हणतात, पिशवीसकट सगळे काढून टाका. घरचे म्हणतात, चांगल्या शरीराला हात कशाला लावायचा. मी काय करू आणि किती घाई करू?”

ताई, थोडक्यात उत्तर आधी देते आणि मग त्यामागची कारणे सांगते. तुमचे वय ३९ आहे, तुम्हाला हवी तेवढी मुले झाली आहेत आणि दोष बीआरसीए-१ मध्ये आहे. अशा वेळी दोन्ही अंडाशये आणि दोन्ही गर्भनलिका काढण्याची शस्त्रक्रिया येत्या काही महिन्यांत करून घ्यावी, असे माझे मत आहे. गर्भाशय काढायचे की नाही हा त्याहून वेगळा प्रश्न आहे आणि बहुतेक जणींचे ते काढावे लागत नाही. सोनोग्राफीच्या भरवशावर वर्षे काढणे मात्र मला योग्य वाटत नाही. मी तुम्हाला तपासलेले नाही, तुमचे अहवाल पाहिलेले नाहीत, त्यामुळे अखेरचा निर्णय ज्यांच्या हातात तुमची फाईल आहे त्या डॉक्टरांशी बसून बोलूनच घ्यायचा आहे. ते बोलणे नीट व्हावे म्हणून हे लिहीत आहे.

गेली २६ वर्षे मी सोलापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि या विषयातला निम्मा गोंधळ ‘पिशवी’ या एका शब्दाने होतो, असे मला दिसत आले आहे. “माझी पिशवी काढलेली आहे,” असे बाई सांगते तेव्हा नेमके काय काढले हे तिला ठाऊक नसते, नवऱ्याला ठाऊक नसते आणि पुष्कळदा डिस्चार्ज कार्डावरही धड लिहिलेले नसते. पिशवी म्हणजे गर्भाशय. मूल तिथे वाढते आणि पाळी तिथून येते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते आणि नळीच्या झालरीसारख्या टोकाजवळ बदामाएवढे अंडाशय असते. तुमच्या सासूबाईंचे गर्भाशय काढले, पण अंडाशये ठेवली, आणि त्या वेळच्या माहितीवर तो निर्णय बरोबरच होता. ३६ वर्षांच्या बाईची अंडाशये विनाकारण काढली तर तिची हाडे आणि हृदय दोन्हींना त्याची किंमत मोजावी लागते, आणि घराण्यात असा काही दोष आहे याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती. पिशवी गेली म्हणजे ‘आतला’ कर्करोग होणार नाही, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत झाली आणि पुढे पोट फुगू लागले तेव्हा काही महिने ते अपचनावर गेले. अशा कहाण्या मी फार ऐकल्या आहेत.

याच शब्दाने उलट बाजूचे नुकसानही झालेले आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि शासनाला समिती नेमावी लागली. आपल्या जिल्ह्यातही पांढरे जाते, कंबर दुखते, पाळी जास्त जाते एवढ्या कारणावर तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांपैकी काहींची अंडाशयेही ‘पुढे कॅन्सर नको’ म्हणून न विचारता काढलेली होती. ज्यांना धोका नाही त्यांचे अवयव जातात आणि ज्यांना खरा धोका आहे त्यांचा नेमका तोच अवयव राहून जातो, हे पाहून मला फार वाईट वाटते. म्हणून कोणत्या जनुकाचा दोष आहे, त्याने कोणता अवयव धोक्यात येतो आणि तो कोणत्या वयात काढायचा, हे तिन्ही कळल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये, असे मी प्रत्येकीला सांगते.

आता तुमच्या दोषाविषयी. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके सगळ्यांच्याच शरीरात असतात. पेशीतील डीएनएला रोज होणारी मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे काम. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. तुमची एक प्रत जन्मापासून नादुरुस्त आहे आणि दुसरी काम करते आहे, म्हणूनच तुम्ही ठणठणीत आहात. एखाद्या पेशीत ही दुसरी प्रतही बिघडली की तिथे कर्करोगाची सुरुवात होऊ शकते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार बीआरसीए-१ दोष असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत अंडाशयाचा आणि सुमारे ७२ जणींना स्तनाचा कर्करोग होतो. बीआरसीए-२ मध्ये हे आकडे साधारण १७ आणि ६९ असे आहेत. दोष नसलेल्या बाईला अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात एकीच्या आसपास असते. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांतले आहेत, आणि एकाच घराण्यात एकीला पन्नाशीत रोग होतो तर दुसरी ऐंशीव्या वर्षीही धडधाकट असते. त्यामुळे हे तुमचे भविष्य समजू नका. पण निर्णय घ्यायला एवढा फरक पुरेसा आहे.

घाईबद्दल विचारलेत त्याचे उत्तर याच जनुकाच्या स्वभावात आहे. बीआरसीए-१ मध्ये अंडाशयाचा कर्करोग चाळिशीच्या आधी क्वचित होतो आणि चाळिशीनंतर त्याचे प्रमाण भराभर वाढते. म्हणून मुले झाल्यावर ३५ ते ४० या वयात शस्त्रक्रिया करावी, असे जगभर सांगितले जाते. बीआरसीए-२ मध्ये हा धोका काही वर्षे उशिरा सुरू होतो, त्यामुळे तिथे ४० ते ४५ पर्यंत थांबता येते. तुम्ही ३९ च्या आहात. मुलीची वार्षिक परीक्षा, गड्ड्याची यात्रा, घरातले एखादे लग्न एवढे आटोपून तारीख घ्यायला हरकत नाही. ‘मुलगा दहावी झाला की बघू’ असे मात्र करू नका.

तुमच्या घरात ही गोष्ट सासूबाईंपासून सुरू झाली, पण तुमच्यापर्यंत ती तुमच्या वडिलांकडून आली आहे. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण स्त्रियांचा कर्करोग म्हटला की लोक फक्त आई, मावशी आणि आजोळची आजी यांचीच चौकशी करतात. दोष बापाकडूनही तितक्याच, म्हणजे निम्म्या शक्यतेने येतो. बापाला स्वतःला बहुधा काहीच होत नाही, म्हणून तो धागा कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या खोलीत अशी बाई आली की मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे तिचे घराणे काढते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्यावर तिरकी रेघ आणि कर्करोग झालेल्याची खूण भरून काळी. ‘कॅन्सर कोणाला होता का?’ असे विचारले तर उत्तर नाही असेच येते. ‘शेवटी पोट फुगले होते का? सुईने पाणी काढत होते का? छातीवरची जखम चिघळली होती का?’ असे विचारले की मग आजी आठवते, चुलत आजी आठवते. तुमच्या आजीचे ‘पोटात पाणी होऊन जाणे’ हे बहुधा तेच असावे.

आपल्या सोलापुरात हा कागद आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा होतो. मामाच्या किंवा आत्याच्या घरात मुलगी देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पूर्व भागातील तेलुगू कुटुंबांत तिला मेनरिकम म्हणतात, मराठी घरांतही ती आहेच. अशा वेळी वंशवृक्षाच्या दोन फांद्या खाली येऊन पुन्हा एकत्र मिळतात. तुमच्या यजमानांची आई आणि तुमचे वडील सख्खी भावंडे आहेत. आईमध्ये दोष सिद्ध झालेला असल्याने यजमानांमध्ये तो असण्याची शक्यता निम्मी आहे. ‘पुरुषाला काय करायची तपासणी’ असे ते म्हणत असतील तर त्यांना दोन गोष्टी सांगा. एक म्हणजे दोष असलेल्या पुरुषांनाही स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. बीआरसीए-२ मध्ये ती अधिक असते, बीआरसीए-१ मध्ये कमी, पण असते. दुसरे असे, की दोघांतही दोष असेल तर तुमच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, आणि पुढे मुलांच्या तपासणीच्या वेळी हे माहीत असणे फार उपयोगाचे ठरते. बीआरसीए-२ असते तर मी आणखी आग्रह धरला असता, कारण त्या जनुकाच्या दोन्ही प्रती नादुरुस्त घेऊन जन्मलेल्या मुलाला फॅन्कोनी अॅनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार होतो.

सासूबाईंना कदाचित वाटत असेल की हे त्यांच्यामुळे झाले. त्यांना सांगा की त्यांना आणि तुमच्या वडिलांना हा दोष एकाच आईकडून आला असावा आणि त्यात कोणाचीच चूक नाही. उलट त्यांच्या तपासणीमुळेच तुम्हाला वेळेवर कळले. शिवाय त्यांच्या स्वतःच्या उपचारातही या अहवालाचा उपयोग आहे, कारण ओलापॅरिबसारख्या गोळ्या बीआरसीए दोष असलेल्या अंडाशयाच्या कर्करोगातच सर्वांत चांगला परिणाम देतात. तपासणीची सुरुवात नेहमी ज्याला रोग झाला आहे त्याच्यापासून करायची असते. त्याच्यात दोष सापडला की बाकीच्यांची फक्त त्याच एका जागेची तपासणी पुरते आणि तिला खर्चही पुष्कळ कमी येतो. कोणालाच रोग नसलेल्या शाखेत आधी तपासणी केली आणि ती नॉर्मल आली, तर त्याचा अर्थ लावणेच कठीण जाते.

आता सोनोग्राफीकडे येऊ. दर सहा महिन्यांनी योनीमार्गातून सोनोग्राफी आणि रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाची तपासणी करायची, हा सल्ला देणारे डॉक्टर तुमचे वाईट चिंतत नाहीत. शस्त्रक्रियेसाठी जी अजून तयार नाही किंवा जिला मूल हवे आहे, तिला मीही या तपासण्या सांगते. पण त्यांनी संरक्षण मिळते असे मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून अधिक सर्वसाधारण स्त्रियांवर वर्षानुवर्षे हा प्रयोग झाला आणि २०२१ मध्ये त्याचे अखेरचे निष्कर्ष आले: या तपासण्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. घराण्यात दोष असलेल्या स्त्रियांत याहून कमी अंतराने तपासण्या करून रोग थोडा आधी सापडल्याचे दिसले आहे, पण त्यामुळे जीव वाचतात असे सिद्ध झालेले नाही. याचे कारण असे, की हा कर्करोग गाठ होऊन एका जागी वाट पाहत बसत नाही. तो अतिशय लहान असतानाच पोटाच्या अस्तरावर पसरू शकतो. मार्चमध्ये नॉर्मल सोनोग्राफी झालेली बाई ऑगस्टमध्ये पोटात पाणी घेऊन आलेली मी पाहिली आहे.

पॅप तपासणी नॉर्मल आहे, हेही तुम्ही लिहिले आहे. ती चांगली गोष्ट आहे, पण तिचा या प्रश्नाशी संबंध नाही. पॅप तपासणी गर्भाशयाच्या मुखाची असते. तो कर्करोग एचपीव्ही विषाणूने होतो, घराण्यातून येत नाही, आणि तो तपासणीने खरोखर टाळता येतो. याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयाबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही त्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले, हे २००९ मध्ये जगापुढे आले. म्हणून ती तपासणी चालू ठेवा, आणि मुलगी १३ वर्षांची आहे तर तिला एचपीव्हीची लस याच वर्षी द्या, १५ पूर्ण होण्याआधी दोन डोस पुरतात. पण पॅप नॉर्मल म्हणून अंडाशयाबद्दल निश्चिंत होऊ नका.

शस्त्रक्रियेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे बारकाव्यांना महत्त्व आहे. आम्ही शिकलो तेव्हा हा कर्करोग अंडाशयातच सुरू होतो असे मानले जाई. पण बीआरसीए दोष असलेल्या स्त्रियांची काढलेली अंडाशये आणि नळ्या बारकाईने तपासल्यावर असे दिसले की अनेकदा पहिली खूण नळीच्या झालरीत असते. म्हणून नळी पूर्ण काढली पाहिजे. पुष्कळ बायका म्हणतात, “माझे टाक्याचे ऑपरेशन झाले आहे, नळ्या केव्हाच कापल्या.” कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेत नळी मध्ये बांधतात किंवा तिचा छोटा तुकडा काढतात, झालर जिथल्या तिथे राहते. त्याने धोका काहीसा कमी होतो हे खरे असले, तरी तुमच्या दोषाला ते पुरेसे नाही. फक्त नळ्या आता काढायच्या आणि अंडाशये काही वर्षांनी, ही कल्पना मला स्वतःला पटण्यासारखी वाटते, कारण तिने पाळी लवकर जाण्याचा त्रास टळतो. पण तिच्यावर अजून अभ्यास चालू आहेत, आणि ३९ वर्षांच्या बीआरसीए-१ असलेल्या बाईला मी आज तो मार्ग सुचवणार नाही.

ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते आणि बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी घरी जातात. त्यासाठी मुंबईलाच जायला हवे असे नाही. सोलापुरात ती चांगली होऊ शकते, मात्र ती नेहमीच्या पद्धतीने उरकून चालत नाही. आत गेल्यावर आधी यकृतापासून ओटीपोटापर्यंत सगळे अस्तर पाहायचे, पोटात थोडे सलाइन सोडून ते पाणी पेशींच्या तपासणीसाठी परत घ्यायचे, अंडाशयाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या अंडाशयापासून सुमारे दोन सेंटिमीटर दूर कापायच्या म्हणजे अंडाशयाचा कणही मागे राहत नाही, आणि काढलेला भाग प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून बाहेर आणायचा म्हणजे तो पोटात चुरगळत नाही. त्यानंतरचे काम पॅथॉलॉजिस्टचे आहे आणि ते सर्वांत जास्त वेळा चुकते. नेहमी अशा नमुन्याचे दोन-तीन तुकडे पाहून अहवाल देतात. इथे संपूर्ण नळीचे आणि अंडाशयाचे दोन-तीन मिलिमीटरचे काप करून, झालर उलगडून, सगळेच्या सगळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते, कारण शेकडा काही जणींत आधीच सुरू झालेला, डोळ्यांना न दिसणारा कर्करोग अशा तपासणीतच सापडतो. माझ्या सुरुवातीच्या एका रुग्णाच्या वेळी फॉर्मवर फक्त ‘दोन्ही अंडाशये व नळ्या’ एवढेच लिहिले गेले आणि प्रयोगशाळेकडून दोन ओळींचा नॉर्मल अहवाल आला. मी फोन करून उरलेला नमुना टाकून देऊ नका म्हणून विनवले आणि सगळे काप पुन्हा करवून घेतले. तेव्हापासून मी फॉर्मवर ‘बीआरसीए-१ पॉझिटिव्ह, संपूर्ण नळी तपासावी’ असे लाल शाईने लिहिते आणि नमुना निघण्याआधी पॅथॉलॉजिस्टशी बोलते. तुमच्या डॉक्टरांना हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

एवढे सगळे नीट केले तर अंडाशयाच्या आणि नळीच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त कमी होतो. तो शून्य होत नाही, कारण पोटाच्या अस्तरातून तसाच कर्करोग क्वचित पुढे होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही पोट सतत फुगलेले वाटणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, वारंवार लघवी लागणे असे दोन-तीन आठवडे राहिले तर येऊन दाखवायचे.

गर्भाशयाचे काय? बीआरसीए-१ मध्ये गर्भाशयाच्या एका दुर्मीळ आणि आक्रमक कर्करोगाचे प्रमाण थोडे वाढत असावे, असे काही अभ्यास सांगतात. पण ते इतके कमी आहे की केवळ त्यासाठी सगळ्यांचे गर्भाशय काढावे असे मला वाटत नाही. गर्भाशय काढले की शस्त्रक्रिया मोठी होते, मूत्राशय आणि मूत्रनलिकेला इजा होण्याची शक्यता वाढते, बरे व्हायला जास्त आठवडे लागतात. मोठ्या गाठी असतील, पाळीला अतिशय रक्तस्राव होत असेल किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असेल, तर मी दोन्ही एकदम करण्याचा विचार करते. तुमची पाळी नियमित आहे आणि दुसरी तक्रार नाही, त्यामुळे ‘पिशवीसकट सगळे’ या सल्ल्यामागे कोणते कारण आहे ते त्या डॉक्टरांना शांतपणे विचारा. त्यांना तुमच्या अहवालात काही दिसले असेल तर ते सांगतील.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट इथेच सांगणे भाग आहे. घराण्यात मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग पन्नाशीच्या आत झालेला असेल तर दोष बहुधा दुसऱ्याच जनुकांत असतो. त्या विकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यातील काही जनुकांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका शंभरात चाळीसच्याही वर जातो, आणि तिथे मुले झाल्यावर गर्भाशय अंडाशयांसह काढण्याचा सल्ला मीच देते. शिवाय आतड्याची दुर्बिणीने तपासणी एक-दोन वर्षांनी करत राहावी लागते, घरातल्या पुरुषांनीसुद्धा. तसेच ज्यांच्या अहवालात ‘अर्थ निश्चित नसलेला बदल’ असे लिहिले आहे, त्यांनी त्या आधारावर कोणताही अवयव काढू नये. तो दोष नाही, ती अजून न सुटलेली शंका आहे, आणि अशा बहुतेक बदलांचे पुढे निरुपद्रवी म्हणून वर्गीकरण होते.

ताई, शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांबद्दल कोणी फारसे बोलत नाही, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. अंडाशये काढली की पाळी एका दिवसात जाते. निसर्गतः हे काही वर्षांत हळूहळू होते, इथे ते भूल उतरताना सुरू होते. अंगातून वाफा येतात, आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत त्या असह्य होतात. झोप मोडते, चिडचिड होते, योनीमार्ग कोरडा पडून संबंध दुखतात आणि ते नवऱ्याला सांगता येत नाही. न दिसणारे नुकसान हाडांचे आणि हृदयाचे असते. म्हणून ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला नाही त्यांना मी नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण ५० पर्यंत, हार्मोन देते. ‘कर्करोगाच्या भीतीने अवयव काढले आणि पुन्हा हार्मोन?’ हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो आणि तो रास्त आहे. शरीर त्या वयात स्वतः जे तयार करत होते, त्याचीच कमी मात्रेत भरपाई आपण करतो. बीआरसीए दोष असलेल्या, पण स्तनाचा कर्करोग न झालेल्या स्त्रियांत अशा भरपाईने स्तनाचा धोका लक्षणीय वाढल्याचे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. गर्भाशय ठेवलेले असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते, नाहीतर गर्भाशयाचे अस्तर वाढते. ते गोळीतून किंवा हार्मोन असलेल्या तांबीसारख्या साधनातून देता येते. याखेरीज हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व आणि रोजचे भरभर चालणे हवे. ज्या बाईशी आधी नीट बोलून, हार्मोनची चिठ्ठी हातात देऊन शस्त्रक्रिया झाली, ती सहा महिन्यांनी येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच फरक कळतो.

स्तनांची जबाबदारी माझ्या शाखेबाहेरची आहे, पण ती विसरू नका, कारण आकड्यांनी पाहिले तर तुमचा तिथला धोका अंडाशयापेक्षा मोठा आहे. दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि मॅमोग्राफी करायची, आणि स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलही कर्करोगतज्ज्ञांशी एकदा मोकळेपणी बोलायचे. तिथे अंडाशयाच्या सोनोग्राफीसारखी स्थिती नाही. तपासणीने रोग लवकर सापडतो, त्यामुळे स्तन ठेवून लक्ष ठेवणे हाही एक योग्य मार्ग आहे आणि निवड तुमची आहे. हार्मोन सुरू करण्याआधी पहिला एमआरआय झालेला असावा, एवढे मात्र पाहा. परळच्या टाटा रुग्णालयात घराण्यातील कर्करोगासाठी वेगळी ओपीडी आहे. तिथे एकदा जाऊन आलात तर जनुकीय समुपदेशन आणि स्तनांचा सल्ला दोन्ही एकाच फेरीत होतील. शस्त्रक्रिया आणि पुढची देखरेख इथे करता येईल.

मुलांची तपासणी आत्ता करू नका. या दोषाने लहानपणी काही होत नाही आणि तेव्हा कळून करण्यासारखेही काही नसते. मुलगी सज्ञान झाल्यावर, पंचविशीच्या आसपास स्तनांची देखरेख सुरू करायची वेळ येते तेव्हा, तिने स्वतः ठरवून तपासणी करावी. तोपर्यंत तिच्या लग्नाच्या बोलण्यात हा विषय कोणी काढू नये म्हणून अहवाल लपवून ठेवण्याचा मोह घरच्यांना होतो, आणि मला तो समजतो. पण लपवलेली फाईल हरवते, मग तिच्या वेळी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. जपून ठेवा, आणि कुठे ठेवली आहे ते तिला माहीत असू द्या.

सासूबाईंना मुलगी असेल, म्हणजे तुम्हाला नणंद असेल, तर तुमच्याइतकाच तिचाही प्रश्न आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. सासरी गेलेल्या मुलीला ‘कशाला उगाच घाबरवायचे’ म्हणून सांगत नाहीत, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तिला अजून मूल हवे असेल तर थांबण्याच्या काळात गर्भनिरोधक गोळ्यांनी अंडाशयाचा धोका बराच कमी करता येतो. स्तनाच्या दृष्टीने त्यांचा थोडा विचार करावा लागतो, म्हणून ते स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून ठरवावे. तुमच्या वडिलांना इतर भावंडे असतील तर त्यांनाही कळवा. सगळ्यांना सासूबाईंच्या अहवालाची झेरॉक्स द्या, नुसता ‘पॉझिटिव्ह’ असा निरोप देऊ नका. अहवालात जनुकाच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ असते. नेमकी कोणती जागा तपासायची हे प्रयोगशाळेला त्या ओळीवरूनच कळते.